ढोलीतल्या पाण्याचे रहिवासी

झाडाची जाड फांदी वादळात मोडते किंवा माणूस ती करवतीनं कापतो. जखमेच्या कडांवरून नवी साल आत सरकू लागते, पण तोंड मोठं असलं तर ते बुजायला वर्षानुवर्षं लागतात. तोवर पावसाचं पाणी उघड्या लाकडात मुरतं, बुरशी शिरते, आतला गाभा भुसभुशीत होऊन गळून पडतो आणि खोडात पोकळी तयार होते. तीच ढोली. दिल्लीच्या आर. के. पुरमसारख्या जुन्या सरकारी वसाहतीत अशा ढोल्या आता जागोजागी दिसतात. क्वार्टर्स बांधताना लावलेली जांभळं, कडुनिंब, अर्जुन, पिंपळ ही झाडं आता वयस्क झाली आहेत. विजेच्या तारा, बाल्कन्या आणि पार्किंग यांच्यासाठी त्यांच्या फांद्या वरचेवर छाटल्या जातात. त्यामुळे शहरातल्या झाडाला जखमा जंगलातल्या झाडापेक्षा जास्त आणि ढोल्याही लवकर.

ढोलीत पोपट, पिंगळे आणि राखी धनेश राहतात हे दिल्लीकरांना चांगलं माहीत आहे. मात्र ज्या ढोलीचं तोंड आभाळाकडे असतं तिथे पक्षी फिरकत नाहीत. तिथे पाणी साचतं, त्यात पानं पडून कुजतात आणि पाण्याला कोऱ्या चहाचा रंग येतो. येणाराजाणारा तिच्याकडे एकदा बघतो, नाक मुरडतो आणि ‘डास होतील’ म्हणून पुढे जातो. या पाण्यात राहणाऱ्या एका फारशा परिचित नसलेल्या भुंगेऱ्याबद्दल आणि अशा भुंगेऱ्याची नवी प्रजाती विज्ञानाच्या दफ्तरात कशी नोंदवली जाते याबद्दल मला सांगायचं आहे. कारण आपण ज्याला झाडाचा रोग समजून सिमेंटनं बुजवतो, ते एक वसतं घर आहे, आणि त्या घरातल्या कित्येकांची अजून नोंदच झालेली नाही.

स्किर्टिडी हे या भुंगेऱ्यांचं कुल. इंग्रजीत त्यांना मार्श बीटल म्हणतात. आपण दलदली भुंगेरे म्हणू. आतापर्यंत वर्णन झालेल्या प्रजातींची संख्या दीड हजाराच्या पुढे आहे आणि ती वाढतेच आहे. प्रौढ भुंगेरा बहुधा दोन ते पाच मिलिमीटरचा, तपकिरी किंवा काळपट, अंगानं मऊ, पाठीवर बारीक लव असलेला. तो पाण्यात राहत नाही. काठावरच्या झाडाझुडपांवर थोडे दिवस जगतो आणि संपतो. त्यातल्या स्किर्टिस वंशातल्या भुंगेऱ्याच्या मागच्या मांड्या जाडजूड असतात आणि धक्का लागला की तो टुणकन उडी मारतो. या प्रौढांकडे बघून कुणी थांबेल असं त्यांच्यात काहीच नाही. पण आण्विक अभ्यासातून भुंगेऱ्यांची जी वंशावळ मांडली गेली, तिच्यात हे कुल फार खालच्या फाट्यावर येतं. जगातले बहुसंख्य भुंगेरे पॉलिफागा नावाच्या ज्या महागटात मोडतात, त्या गटाच्या अगदी बुडाशी ज्या शाखा इतरांपासून आधी वेगळ्या झाल्या, त्यांत स्किर्टिडींची शाखा आहे. काजवे, ढालकिडे, शेणकिडे, धान्यातले किडे ही सगळी मंडळी त्याच महागटातली. एवढ्या मोठ्या घराण्याचा आरंभ समजून घ्यायचा तर या तपकिरी ठिपक्यांकडे वळावंच लागतं.

खरी पाहण्यासारखी आहे ती यांची अळी. ती चपटी असते, छातीचा भाग रुंद, शेवट निमुळता. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की आधी नजरेत भरतात त्या तिच्या लांबलचक मिशा. एरवी भुंगेऱ्यांच्या अळ्यांना तीनचार खंडांच्या आखूड मिशा असतात. या अळीच्या मिशीत बारीक खंडांची लांबच लांब माळ असते. आज जिवंत असलेल्या भुंगेऱ्यांपैकी दुसऱ्या कुणाच्याही अळीला अशी मिशी नाही, त्यामुळे नवशिक्यालाही ती ओळखता येते. तोंडाचे अवयव तर फारच गुंतागुंतीचे. त्यांवर राठ केसांच्या दाट रांगा असतात. अळी कुजलेल्या पानाचा पृष्ठभाग खरवडते, सुटलेले कण केसांनी गोळा करते, गाळते, दाबते आणि मग गिळते. पानाच्या चोथ्यापेक्षा त्यावर वाढलेल्या बुरशीत आणि जिवाणूंत तिला जास्त पोषण मिळतं. श्वास घ्यायला ती पृष्ठभागाशी येते. तिची श्वासरंध्रं पोटाच्या मागच्या टोकाशी असतात. ते टोक पाण्याच्या पापुद्र्याला टेकवून ती हवा घेते आणि हवेचा छोटा बुडबुडा सोबत घेऊन पुन्हा तळाच्या पानांत शिरते. ढोलीतल्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू अगदी कमी असतो. तिथे निभाव लागायला अशीच काहीतरी सोय हवी. वाढ पूर्ण झाली की बहुतेक प्रजातींच्या अळ्या पाणी सोडून ओलसर माती, शेवाळ किंवा कुजक्या लाकडाच्या आडोशाला कोषात जातात.

या कुलातले सगळेच काही ढोलीत राहत नाहीत. कुणी ओढ्यात, कुणी दलदलीत, कुणी काही वनस्पतींच्या पानांच्या बेचक्यात साठलेल्या पाण्यात. पण प्रायोनोसायफॉन या वंशातल्या अनेक प्रजाती ढोलीतल्या पाण्याशी घट्ट जोडलेल्या आहेत. युरोपातला प्रायोनोसायफॉन सेरिकॉर्निस 1821 साली नोंदला गेला आणि उत्तर अमेरिकेतला प्रायोनोसायफॉन डिस्कॉइडिअस 1825 साली. म्हणजे ढोलीतल्या भुंगेऱ्याची ओळख तशी जुनी. ढोलीतलं पाणी हा एक आख्खा अधिवास आहे, त्याचं गणित मांडता येतं, हे मात्र बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

त्याचं श्रेय मोठ्या प्रमाणात परिसंस्थाशास्त्रज्ञ रॉजर किचिंग यांना जातं. ऑक्सफर्डजवळ वाइटम नावाचं जंगल आहे. परिसंस्थाशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी तिथल्या प्राणीसमूहांचं वर्षानुवर्षं सर्वेक्षण केलं होतं. त्याच जंगलातल्या बीच वृक्षांच्या ढोल्यांवर किचिंग यांनी काम केलं आणि 1971 साली ते प्रसिद्ध केलं. त्यांनी ढोल्यांचे दोन प्रकार पाडले. एका प्रकारात मुळांच्या किंवा फांद्यांच्या बेचक्यात खळगा असतो, पण त्याचं अस्तर सालीचंच असतं, लाकूड उघडं पडलेलं नसतं. दुसऱ्यात साल फाटून पोकळी कुजक्या लाकडात गेलेली असते. दोन्हींत पाणी साचतं, पण दोन्हींतलं पाणी वेगळं आणि राहणारेही सगळे सारखे नाहीत. आर. के. पुरमच्या फुटपाथवरून चालताना हा फरक डोळ्यांना सहज दिसतो. पिंपळाच्या आधारमुळांमधले सालीचे खळगे पहिल्या प्रकारचे, छाटलेल्या जांभळाची काळी भोकं दुसऱ्या प्रकारची.

पुढे किचिंग ऑस्ट्रेलियात गेले आणि क्वीन्सलँडमधल्या लॅमिंग्टन राष्ट्रीय उद्यानाच्या वर्षावनात त्यांनी तीच तपासणी सुरू केली. इंग्लंडच्या ढोलीत सगळे कुजकी पानं आणि त्यांवरचे कण खाणारे होते. शिकारी जवळजवळ नव्हतेच. लॅमिंग्टनच्या ढोलीत कुजकं खाणारे होतेच, शिवाय त्यांना खाणाऱ्या माश्यांच्या अळ्या होत्या, पाणकोळी होते आणि वर एका बेडकाचे डिंभही. तळहाताएवढ्या पाण्यात अन्नसाखळीचे चढते मजले होते. या सगळ्यात ढोलीतला भुंगेराही होता, आणि तो आधी कुणी नोंदलेला नव्हता. किचिंग आणि ऑलसॉप यांनी 1987 साली त्याचं वर्णन केलं: प्रायोनोसायफॉन नायजर. आपल्या विषयाचं इतकं नेमकं उदाहरण दुसरं मिळणार नाही. अधिवासाचा अभ्यास करणाऱ्या माणसाला तिथल्या रहिवाशाचं नाव हवं होतं आणि ते नाव जगात कुठेच नव्हतं. अशा वेळी मोजमाप बाजूला ठेवून आधी नाव द्यावं लागतं, कारण ज्याला नाव नाही त्याच्याबद्दल एका अभ्यासकानं केलेली नोंद दुसऱ्याच्या नोंदीशी जुळवता येत नाही.

हे नाव देण्याचं काम कसं चालतं, ते मुद्दाम सविस्तर सांगतो. वर्तमानपत्रात ‘नव्या प्रजातीचा शोध’ अशी चौकट येते आणि वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी जंगलात गेला, त्याला काहीतरी निराळं दिसलं आणि झालं.

प्रत्यक्षात ढोलीत बहुधा हाती लागते ती अळी. प्रजातींची नावं मात्र परंपरेनं प्रौढावर बेतलेली. म्हणून अळी जिवंत आणावी लागते, त्याच ढोलीतलं पाणी आणि तीच कुजकी पानं तिला द्यावी लागतात आणि ती कोषात जाईपर्यंत सांभाळावी लागते. पाणी फार ताजं ठेवलं की तिचं अन्नच जातं, फार सडू दिलं की ती मरते. कोषासाठी ओलसर माती हवी, पण बुरशी चढता कामा नये. प्रौढ बाहेर आला की त्याचं कवच कडक व्हायला वेळ द्यावा लागतो आणि त्यानं टाकलेली अळीची कात नीट जपून ठेवावी लागते, कारण ‘ही अळी याच भुंगेऱ्याची’ याचा पुरावा ती कातच असते.

मग येतं विच्छेदन. दलदली भुंगेरे बाहेरून एकमेकांसारखे इतके दिसतात की रंग, आकार, लव यांवर विसंबून चालत नाही. खरा भेद असतो नराच्या जननांगात. भुंगेरा आधी मऊ करून घेतात, पोटाचा शेवटचा भाग अलग करतात, कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवून त्यातला मांसल भाग विरघळवतात आणि उरलेले कठीण भाग ग्लिसरीनच्या थेंबात घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली उलटसुलट करून बघतात. तिथे आकड्या, काटे, वळणं, पट्ट्या दिसतात आणि प्रत्येक प्रजातीचा नमुना वेगळा. काही वंशांत मादीच्या शरीरातलाही एक कठीण अवयव ओळखीला उपयोगी पडतो. हे सगळं दोनतीन मिलिमीटरच्या जिवावर करायचं. हात थरथरला की जगातला एकमेव नमुना गेला.

त्यानंतर तुलना, आणि माझ्या मते सगळ्यात कठीण टप्पा हाच. नवं म्हणायचं तर जुनं सगळं बघितलेलं हवं. कार्ल लिनिअसच्या ‘सिस्टेमा नॅचुरी’ची 1758 सालची दहावी आवृत्ती हा प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा आरंभबिंदू मानतात. तेव्हापासून कुणीही, कुठल्याही भाषेत, कितीही आडवळणी नियतकालिकात केलेलं वर्णन ग्राह्य धरावं लागतं. आशियातल्या अनेक दलदली भुंगेऱ्यांना मॉरिस पिक या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञानं नावं दिली. पिक यांनी आयुष्यभरात हजारो कीटकांना नावं दिली, पण त्यांची वर्णनं अनेकदा दोनचार ओळींची. रंग काय, लांबी किती, देश कुठला, इतकंच. जननांगाची आकृती नाही. त्या दोन ओळींवरून आज काहीच ठरवता येत नाही. मग पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयात त्यांच्या संग्रहातला मूळ नमुना गाठावा लागतो आणि शंभर वर्षांपूर्वीच्या त्या भुंगेऱ्याचं पोट आज उघडून बघावं लागतं. लंडन, पॅरिसच्या कपाटांत आपल्या देशातले जे मूळ नमुने आहेत, त्यांच्याकडे आपल्या अभ्यासकांना असं वारंवार जावं लागतं. जगभरात या कुलावर हयात घालवणारी माणसं थोडीच: जर्मनीत बर्नहार्ड क्लाउसनित्झर आणि पेटर झ्विक, जपानमध्ये हिरोयुकी योशितोमी, पोलंडमध्ये राफाल रुटा, ऑस्ट्रेलियात क्रिस वॉट्स. एका आख्ख्या कुलाचं ज्ञान इतक्या मोजक्या टेबलांवर पसरलेलं आहे.

तुलना पार पडली, नवेपण पक्कं झालं, की एक नमुना निवडून त्याला होलोटाइप ठरवतात. पुढे कधीही वाद उठला तर हाच भुंगेरा पुरावा. प्राणी नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार 1999 नंतरच्या वर्णनांत नवी प्रजाती असल्याचं स्पष्ट लिहावं लागतं आणि नामधारक नमुना ठरवावा लागतो. 2012 पासून फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकातलं नावही चालतं, पण त्याची झूबँक या नोंदवहीत आधी नोंद हवी. अलीकडे डीएनएचा एक ठरावीक तुकडाही वाचून जोडतात. जीवशास्त्रज्ञ पॉल हिबर्ट यांनी 2003 साली ही बारकोडची कल्पना मांडली. तिचा खरा फायदा इथे असा की अळी आणि प्रौढ यांची जोडी पाळणूक न करताही जुळवता येते. पण बारकोड विच्छेदनाची जागा घेत नाही. नुसत्या अक्षरमालेवर नाव ठेवलं आणि पिक यांच्या जुन्या सुकलेल्या नमुन्यातून डीएनए निघालाच नाही, तर तुलना होणार कशी?

आता हे नाव घेऊन करायचं काय, असं कुणी विचारेल. एक उदाहरण देतो. उत्तर अमेरिकेतल्या ढोल्यांमध्ये दलदली भुंगेऱ्याच्या अळ्या आणि डासांच्या अळ्या शेजारी शेजारी राहतात. भुंगेऱ्याची अळी पान खरवडते आणि बारीक कणांची विष्ठा टाकते. डासाच्या अळीला आख्खं पान खाता येत नाही, पण ते कण ती गाळून खाते. डॉर्टी आणि ज्युलियानो या अभ्यासकांनी 2002–03 च्या सुमारास प्रयोगांतून दाखवलं की भुंगेऱ्याच्या अळीची विष्ठा डासाच्या अळीचं अन्न ठरते. म्हणजे एकाच्या जेवणातून दुसऱ्याचं जेवण तयार होतं. ढोलीतून डास किती निघतील याचा हिशेब भुंगेऱ्याला वगळून पुरा होत नाही. डासांची काळजी असलेल्या माणसानंसुद्धा या भुंगेऱ्याची ओळख करून घ्यावी, ती यासाठी.

भारतातल्या ढोल्यांनी गेल्या काही वर्षांत थक्क करणाऱ्या गोष्टी दाखवल्या आहेत. 2016 साली दिल्ली विद्यापीठाचे एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी ईशान्य भारतातल्या ढोलीत राहणारा एक वृक्षबेडूक पुन्हा शोधल्याचं जाहीर केलं. एकोणिसाव्या शतकात वर्णन झाल्यानंतर तो दृष्टीआडच होता. त्याची मादी ढोलीतल्या पाण्यात डिंभांसाठी अफलित अंडी घालते आणि ती अंडी खाऊन डिंभ वाढतात, कारण त्या पाण्यात त्यांना पुरेल असं दुसरं काही नसतं. पुढच्याच वर्षी, 2017 साली, केरळातल्या पश्चिम घाटातून बिजू कुमार, स्मृती राज आणि पीटर एन्ग यांनी मोठ्या झाडांच्या पाणी साचलेल्या ढोल्यांत राहणाऱ्या खेकड्याचं वर्णन केलं: कानी मरंजंडू. नवी प्रजातीच नव्हे तर नवा वंश. त्या खेकड्याची माहिती जंगलातल्या कानी आदिवासींना आधीपासून होती आणि वंशाचं नावही त्यांच्यावरूनच ठेवलं आहे. खेकड्यासारखा ठळक, हातात मावणारा प्राणी 2017 पर्यंत विज्ञानाच्या नजरेतून सुटू शकतो, तर तीन मिलिमीटरच्या तपकिरी भुंगेऱ्यांचं काय?

आपल्या सह्याद्रीत अशा कामाला जागा भरपूर आहे. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या देवरायांत तोड झाली नाही म्हणून बेहडे, आंबे, जांभळं म्हातारी होऊ शकली. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात या देवरायांचं महत्त्व अभ्यासातून पुढे आणलं. गरुडधनेशाच्या घरट्यांसाठी देवरायांतले जुने वृक्ष राखावेत ही जाणीव आता गावागावांत आहे, ही आनंदाची बाब. पण त्याच वृक्षाच्या दुसऱ्या फांदीवर, आभाळाकडे तोंड केलेल्या ढोलीत पळी घालून कोण बघतं? आंबोलीसारख्या ठिकाणी पावसाळाभर ढोली रिकामी होत नाही आणि पुढेही बरेच दिवस ओल टिकते. सावकाश वाढणाऱ्या अळीला तेवढी मुदत लागते.

दिल्लीत मुदत कमी. इथे वर्षाकाठी सरासरी 770 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा जुलै ते सप्टेंबरमध्ये. पण दिल्लीच्या ढोलीचं एक वैशिष्ट्य मला महत्त्वाचं वाटतं. इथल्या अनेक झाडांची पानगळ फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते. म्हणजे उन्हाळाभर ढोली कोरडी राहते, तिच्यात वाळलेल्या पानांचा थर बसतो आणि मग पहिल्या मोठ्या पावसात हे सगळं अन्न एकदम भिजतं. इंग्लंडच्या ढोलीत हे चक्र उलटं. पानं शरदात पडतात आणि पाणी जवळजवळ वर्षभर असतं. ज्या कीटकांची अंडी सुकून पडली तरी महिनोन्महिने टिकतात, पाणी लागताच फुटतात आणि जे चटकन वाढून पंख फुटून बाहेर पडतात, त्यांना दिल्लीची ढोली मानवते.

आमच्या सेक्टरातल्या एका जांभळाला छातीच्या उंचीवर अशी ढोली आहे. पावसाळ्यात मत्स्यालयाच्या रबरी नळीनं तिच्यातलं पाणी पांढऱ्या प्लास्टिकच्या तसराळ्यात घेतलं की आधी फक्त गाळ दिसतो. गाळ बसेपर्यंत थांबायचं. मग डासांच्या अळ्या वळवळत वर येतात, सावली पडली की खाली जातात. पानांच्या तुकड्यांवर चिखलाच्या नळ्या असतात आणि त्यांतून बिनचाव्या डासांच्या लालसर अळ्या डोकं बाहेर काढतात. कधी एखादी जाड, पांढुरकी अळी, जिची श्वासाची नळी तिच्या अंगापेक्षा लांब ताणली जाते; ती फुलमाशीची. पानांचे तुकडे चिमट्यानं उलटे करून बघायची सवय ठेवली आहे, कारण दलदली भुंगेऱ्याची अळी पानाला खालून चिकटून बसणारी.

डासांचा मुद्दा टाळून हा विषय लिहिणं योग्य होणार नाही. दिल्लीनं 1996 साली डेंग्यूची भीषण साथ पाहिली आहे. दहा हजारांहून अधिक रुग्ण आणि चारशेहून अधिक मृत्यू. ज्या घरांनी ती भोगली, त्यांना साचलेल्या पाण्याची भीती वाटणारच. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांचं मूळ घरही ढोलीच. एडिस इजिप्तीचे पूर्वज आफ्रिकेच्या जंगलांत ढोल्यांमध्ये वाढत आणि एडिस अल्बोपिक्टस हा आशियाई जंगलांतला ढोलीवासी. पण शहरात एडिस इजिप्तीनं केव्हाच नवी घरं शोधली आहेत: कूलर, झाकण नसलेल्या टाक्या, कुंड्यांखालच्या बशा, टायर. वसाहतीत डेंग्यू रोखायचा तर आधी छतावर आणि बाल्कनीत जायला हवं. तरीही घराला लागून असलेल्या ढोलीची धास्ती वाटत असेल, तर बीटीआय हा जिवाणू आहे. 1976 साली इस्रायलच्या नेगेव वाळवंटात तो सापडला. त्याचं विष डासांच्या आणि त्यांच्या जवळच्या काही माश्यांच्या अळ्यांच्या आतड्यातच काम करतं. भुंगेऱ्याच्या अळीला ते बाधत नाही. ढोलीतला एक रहिवासी आटोक्यात ठेवायला सगळं घर पाडायची गरज नाही.

पण घर पाडलं जातं. शहरांत झाडांच्या ‘उपचारा’चा एक ठरलेला प्रकार आहे: ढोली खरवडून साफ करायची, कीटकनाशक आणि बुरशीनाशक फवारायचं, जाळी ठोकायची आणि वरून सिमेंट किंवा प्लास्टर लिंपायचं. करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो यात शंका नाही. या पद्धतीचा प्रसार अमेरिकेत जॉन डेव्ही यांच्या 1901 सालच्या ‘द ट्री डॉक्टर’ या पुस्तकानंतर झाला. पुढे अमेरिकी वनखात्यातले ॲलेक्स शिगो यांनी हजारो खोडं उभी चिरून पाहिली आणि सत्तरच्या दशकात दाखवून दिलं की झाड आपली जखम भरून काढत नाही. ते कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती उभ्या करतं आणि बाहेर नवं निरोगी लाकूड वाढवतं. ढोली खरवडली की याच भिंती फुटतात आणि कूज निरोगी लाकडात पसरते. सिमेंट वाऱ्यात लवत नाही, कडेनं फटी पडतात आणि त्यांत पाणी मुरतं. म्हणजे झाडाचंही नुकसान आणि ढोलीतल्या जिवांचंही. झाड धोकादायक आहे का, हे पोकळीभोवती निरोगी लाकडाची भिंत किती जाड उरली आहे यावरून ठरवावं. ती पुरेशी असेल तर ढोलीला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वसाहतींच्या पुनर्बांधणीत तर झाडंच जातात. 2018 साली दक्षिण दिल्लीतल्या सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासासाठी हजारो झाडं तोडायचं ठरलं, तेव्हा लोक रस्त्यावर आले आणि दिल्ली उच्च न्यायालयानं जूनमध्ये तोड थांबवली. त्या सातांत आर. के. पुरमला लागून असलेली मोहम्मदपूरची वसाहतही होती. भरपाई म्हणून एका झाडामागे दहा रोपं लावण्याची भाषा अशा वेळी होते. रोपाला ढोली नसते. ती व्हायला काही दशकं जावी लागतात आणि मधल्या काळात तिच्यावर अवलंबून असलेल्या कीटकाला तिथे कुठेच जागा नसते.

ढोलीतले भुंगेरे ओळखण्याच्या आणि नोंदवण्याच्या कामासाठी लागणारी संस्था मात्र दिल्लीतच आहे. पुसा रोडवरच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत राष्ट्रीय पुसा संग्रह आहे, देशातल्या सर्वांत मोठ्या कीटकसंग्रहांपैकी एक. संस्था मूळची बिहारमधल्या पुसाची. 1934 च्या भूकंपात तिथली इमारत कोसळली आणि 1936 मध्ये संस्था दिल्लीला आली. जैवविविधता अधिनियम 2002 च्या कलम 39 नुसार देशात नवी प्रजाती सापडली तर ती शासनानं नेमलेल्या भांडारांना कळवावी लागते आणि तिचे नमुने तिथे जमा करावे लागतात. मराठी मुलखातल्या वाचकाला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पुण्यातलं आकुर्डीचं पश्चिम विभागीय केंद्र जवळचं. अभयारण्यात किंवा राखीव जंगलात काहीही गोळा करायचं तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. वसाहतीतल्या झाडाची ढोली नुसती पाहायला, मोजायला आणि फोटो काढायला फारसं काही लागत नाही: रबरी नळी, पांढरं भांडं, बहिर्गोल भिंग आणि वही. वहीत मात्र झाड कुठलं, ढोली जमिनीपासून किती उंच, तोंड किती रुंद, पाणी किती खोल, आत पानं कशाची, सालीचं अस्तर आहे की लाकूड उघडं, आणि तारीख, एवढं प्रत्येक वेळी लिहावं. पुढे कधी त्या ढोलीतला भुंगेरा तज्ज्ञाच्या टेबलावर पोचला, तर टाचणीखालच्या चिठ्ठीवर त्याला हाच मजकूर लागेल, आणि तो नसेल तर कितीही दुर्मीळ भुंगेऱ्याचं वर्णन करणं कठीण.